हललेला माणूस

नवशा मेला हे त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं. ज्या माणसानं माझं सगळं मातीत घातलं तो पोशेऱ्याच्या उतारावर सागाच्या ओंडक्याखाली सापडला, यात रडण्यासारखं मला काही दिसलं नाही. तोवर मला त्याचं नावही माहीत नव्हतं. मी त्याला मनात ‘हलणारा’ म्हणायचो, आणि त्याच्या पुढंमागं जे जोडायचो ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही.

मी त्र्यंबक सोनार. जव्हारच्या पेठेत आमचं पिढीजात दुकान. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मला नाशकाला मामाकडे नकाशी शिकायला धाडलं. मी शिकलोही. पण मामाच्या माडीखाली एका फोटोवाल्याचं दुकान होतं. एकदा त्यानं मला लाल दिव्याच्या खोलीत नेलं आणि औषधाच्या पाण्यात ठेवलेल्या काचेवर माणूस उगवताना दाखवला. आधी काहीच नव्हतं, मग एक भुवई आली, मग सगळा माणूस. मी त्या रात्री जेवलो नाही. सोनारकीतून माझं लक्ष उडालं ते तिथंच.

जव्हारला परतलो ते कॅमेरा, तिपाई आणि काचांच्या पेट्या बैलगाडीत घालून. आप्पांनी गाडी पाहिली आणि आत जाऊन ऐरणीवर दणादण हातोडी मारत बसले. मी त्यांची पर्वा केली नाही. पहाटे उठून शिरपामाळावर जायचो, दरीतलं धुकं वर येताना काळ्या कापडात डोकं घालून उभा राहायचो. मोखाड्याच्या बाजाराला जायचो. म्हाताऱ्यांची तोंडं, नाचणीची पोती, रेड्यांची शिंगं, जे दिसेल ते काढायचो. कॅमेऱ्याच्या काचेत जग उलटं दिसतं, आणि उलटं दिसलं की ते नीट बघावं लागतं. इतका सुखी मी आधी कधी नव्हतो.

मग रतनशी शेटची शिकार आली. हा लाकडाचा ठेकेदार. त्यानं ठाण्याच्या कुणा गोऱ्या साहेबाला शिकारीला बोलावलं आणि मला तसबीर काढायला. साहेबाला ती आवडली तर शेट राजवाड्यावर माझ्यासाठी शब्द टाकणार होता. दसऱ्याचा दरबार मी काढायचा असं ठरत होतं. जव्हारचा दसरा ज्यानं पाहिलाय त्याला या गोष्टीची किंमत सांगायला नको. शिरपामाळाच्या खाली बिबट्या मारला. जांभळीच्या सावलीत साहेब त्याच्यावर पाय देऊन उभा राहिला. शेजारी शेट, मागं शिपाई, कडेला रान उठवणारे हाकारे. सावलीत उजेड कमी, म्हणून लेन्सवरची टोपी काढून मनात चार-पाच आकडे मोजेपर्यंत सगळ्यांनी स्थिर राहणं भाग होतं. मी ओरडलो, हलू नका. सगळे दगड झाले. साहेबही झाला. आणि डाव्या टोकाच्या एका हाकाऱ्यानं, नेमकी टोपी काढलेली असताना, मान वळवली आणि तो भलतीकडंच बघायला लागला.

साहेबाला पुन्हा उभं राहायचं नव्हतं, तो चहाला गेला. काच धुऊन पाहिली, तर सगळे लख्ख, आणि टोकाला मानेवर धुराचा गोळा असलेला एक माणूस. शेटनं तसबीर हातात घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाला की सोनारानं सोनारकीच करावी. ते टोक कापून टाक म्हणाला. मी छापताना ते झाकलं आणि तसबीर दिली, पण राजवाड्यावर मुंबईचा फोटोवाला गेला.

त्यानंतर माझं माणसांशी बिनसलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते हलणार, असंच मला वाटायचं. मी मानेमागं लोखंडी चिमटा लावायचो आणि जरा जास्तच आवळायचो. पोरं रडायची, बायका उठून जायच्या. हलू नका, हलू नका, एवढं एकच मी दिवसभर ओरडायचो. तसबिरी स्वच्छ यायच्या, पण सगळी तोंडं सारखी, भ्यालेली. एकदा काचा वाळत लावल्या होत्या, तर कोणती कोणाची हे मलाच ओळखू येईना. त्या दिवशी कॅमेरा पेटीत घातला. राग आला नाही, दुःखही झालं नाही. काहीच वाटलं नाही, आणि तेच वाईट होतं. पुढं त्या पेटीत कोंबडी अंडी घालू लागली. मी तिला हाकललं नाही.

आप्पांचा आनंद पोटात मावेना. मला ऐरणीशी बसवून त्यांनी टाक ठोकायला लावलं. टाक म्हणजे काय ते सांगतो. डोंगरातल्या माणसांत कुणी मेलं की त्याला घरच्या देवात बसवायची रीत आहे. न बसवलेला मेलेला घराभोवती फिरतो, गुरं मारतो, माणसं आजारी पाडतो. बसवायचं म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेल्या चित्रात. तो टाक. आमच्याकडं पणजोबांच्या वेळचा पितळी ठसा आहे. त्यावर पत्रा ठेवून ठोकला की घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला स्वार उठतो. पुरुष मेला की स्वार, मग तो जन्मात घोड्याच्या जवळ गेला नसला तरी. आप्पा म्हणायचे, तुझी काच एकाची काढली की दुसऱ्याच्या कामाची नाही. माझा ठसा साऱ्या डोंगराला पुरतो. मी खाली मान घालून ठोकत राहायचो.

नवशाची बायको पुतळी आली ती भाताची झोडणी आटोपल्यावर, बाजाराच्या दिवशी. काळी, उंच, ओठ घट्ट मिटलेले. तिनं नमस्कार केला नाही की बसली नाही. पदराची गाठ सोडून आमच्याकडचाच एक टाक तिनं ऐरणीवर टाकला.

“ह्यो परत घे, सोनारा. ह्यात तो बसत नाय.”

आप्पा आतून कडाडले की चांदी चोख आहे, हवं तर कस लावून बघ. ती म्हणाली, चांदीबद्दल तिचं काही म्हणणं नाही. मग तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आमच्याकडं न बघता, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं. तिचा नवरा नवशा रतनशी शेटच्या लाकूडतोडीवर होता. उतारावरून ओंडका सुटला आणि त्याच्या तोंडावरून गेला. घरी आणला तो तोंडावर फडकं टाकून. आईलाही दाखवला नाही. रीतीप्रमाणं टाक बसवला. पण म्हैस मेली, मग जावेचं मूल पोटातच गेलं. भगतानं सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिलं आणि सांगितलं की नवशा अजून बाहेरच फिरतोय. तो स्वत:चं तोंड शोधतोय. घोड्यावरचा तो कोण, हे त्याला ओळखू येत नाही. त्यावर तिचा दीर काळ्या म्हणाला की भाऊ यायला बघतो, पण बायको त्याला आत येऊ देत नाही; जिवंतपणीसुद्धा तो हिच्यापासून पळतच होता. आणि मग अंगणात कुणीतरी तो शब्द उच्चारला, भुताळीण.

हा शब्द एकदा लागला की सुटत नाही. येत्या पुनवेला देव धुवायचे होते. तोवर नवशा बसला नाही तर तिला घराबाहेर काढणार होते, आणि भुताळीण म्हणून बाहेर काढलेल्या बाईचं रानात काय होतं हे जव्हारात कुणालाही विचारा.

“त्याचं तोंड तुझ्या डब्यात हाय,” ती म्हणाली. “शिरपामाळच्या शिकारीत तू घेतलंस. ते दे.”

मी हातोडी खाली ठेवली. कोणता हाकारा, विचारलं. डाव्या टोकाचा, ती म्हणाली.

मी हसलो. ते हसू चांगलं नव्हतं, मला ठाऊक आहे. इतकी वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्याची बायको माझ्या दारात येऊन त्याचं तोंड मागत होती, आणि साऱ्या जव्हार-मोखाड्यात त्या एका काचेवर ते जिथं असायला हवं होतं तिथंच ते नव्हतं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. म्हटलं, ओंडक्यानं नंतर पुसलं, त्यानं स्वत: आधीच पुसून ठेवलं होतं. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“दाखव,” एवढंच म्हणाली.

ती काच मी फोडली नव्हती. शिव्या द्यायला समोर काहीतरी लागतंच. आप्पा ओरडत होते की हिला हाकल, आपला टाक बसत नाही अशी बोंब झाली तर डोंगर आपल्याकडं फिरकणार नाही. मी ऐकलं नाही. तिचं तोंड बंद करायचं होतं मला. कोंबडीला ढकलून पेटीच्या तळातून काच काढली, डब्यातला जुना पिवळा पडलेला कागद काढला, चौकटीत दोन्ही एकावर एक दाबून परसात उन्हात ठेवले. हा कागद उन्हानंच रंगतो. अधूनमधून चौकटीची अर्धी पाठ उघडून बघायचं. उघडली, तर जांभळीचं खोड आलं होतं. मग साहेबाचा बूट. मग बिबट्याचं कान पाडलेलं डोकं. माझ्या छातीत धडधडायला लागलं, नाशकात झालं होतं तसंच, आणि त्या धडधडीचाच मला संताप आला. कशाला आता, असं मी मोठ्यानं म्हणालो. परसात ऐकायला फक्त कोंबडी होती.

कागद धुऊन तिच्या हातात दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

“तोंड कुठाय?”

तेच तर सांगतोय, मी म्हटलं. तिला वाटलं मीच पुसलं. मी म्हटलं तुझा नवरा हलला, सगळी दुनिया स्थिर उभी होती आणि तो एकटा हलला. ती म्हणाली मी खोटारडा, माझा बाप खोटारडा. मी तिला दुकानातून बाहेर काढलं. ती गेली नाही. समोर लोहाराच्या भिंतीला पाठ लावून, तो कागद मांडीवर घेऊन बसली. बाजारातल्या बाया तिला ओळखत होत्या; दुपारपर्यंत तो शब्द पेठेत पसरला. कुणीतरी ढेकूळ मारलं. ते तिच्या खांद्यावर फुटलं आणि तिनं पदरानं माती झटकली. लोहार म्हणाला उठ. ती उठली नाही. मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. चीड आली, तिची आणि ढेकूळ मारणाऱ्याची सारखीच.

तिला खोटं पाडायचं म्हणून मी काच घेऊन उजेडाला बसलो आणि डोळ्याला भिंग लावलं, ज्या भिंगातून खड्यातली चीर बघतो ते. धुराचा गोळा जवळ आला. आणि तो धूर नव्हता.

तिथं दोन तोंडं होती. टोपी काढल्यावर काही क्षण तो समोर बघत उभा होता, तेवढं एक फिकट तोंड समोरून उमटलं होतं. मग त्यानं मान वळवली आणि वळवल्यावर तो तसाच थांबला होता, म्हणून दुसरं तोंड बाजूनं उमटलं होतं, पहिल्यावरच. नाक, हनुवटी, उघडलेले ओठ. तो हसत होता. साऱ्या काचेवर साहेब, शेट, शिपाई अशी माणसं होती, आणि त्यात हसणारा हा एकटाच. इतकी वर्षं काच माझ्या घरात होती आणि मी एकदाही भिंग लावलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा बघत राहिलो. डोळ्याला पाणी आलं ते भिंगामुळं, असं मी आप्पांना सांगितलं.

मी रस्ता ओलांडून गेलो आणि तिला विचारलं, त्या वेळी त्याला हाक कोणी मारली?

“मी,” ती म्हणाली. “साहेबाच्या चुलीला पाणी आमी बाया आणत व्हतो. डोक्यावर घागर, उतरवाया कुणी नाय. तुझी टोपी बसल्याबरोबर तो आला. तू शिव्या देत व्हतास. तो हसत व्हता.”

मी तिला भिंगातून बघायला दिलं. तिनं एक डोळा मिटला, वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली. शेवटी मीच भिंग काढून घेतलं. ती रडली नाही. म्हणाली, ह्यो हाय, पण कागद चालायचा नाय. देव दुधात न्हातात, कागद विरघळंल.

मग मी ती काचच द्यायची ठरवली. काचेवर माणूस उलटा असतो, काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा. पण रसकापुराच्या पाण्यात बुडवली की त्यातलं काळं पांढरं होतं, आणि मागून काजळ दिलं की माणूस माणसासारखा दिसायला लागतो. एकदा हे केलं की त्या काचेवरून पुन्हा नीट छापता येत नाही. मी काच कापायची हिरकणी घेतली आणि काचेला चीर दिली. शेटनं जे टोक कापून टाकायला सांगितलं होतं ते मी ठेवलं, आणि साहेब, शेट, बिबट्या असे सगळे उकिरड्यावर टाकले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. फक्त एक हात राहिला. शेजारच्या हाकाऱ्याचा पंजा नवशाच्या खांद्यावर होता, मनगटात जाड कडं. तो कापला तर खांदा जात होता, म्हणून राहू दिला.

रसकापुराचं पाणी, काजळ, वरून लाखेचा पातळ हात, असं सगळं करून काच वाळत ठेवली. नुसती काच बोट कापील, असं आप्पा पाठीमागून गुरगुरले, तिला चांदीची कड लाव. मी परत आलेला टाक घेतला आणि त्याची पट्टी काढायला तो ऐरणीवर ठेवला.

“घोडा मोडतोस?” आप्पा म्हणाले.

“त्याला चालायची सवय होती,” मी म्हटलं आणि हातोडी मारली.

काच मी स्वत: घेऊन निघालो, कारण तिच्या पदराच्या गाठीवर माझा विश्वास नव्हता. निघताना पेटीतून कॅमेराही काढला. कोंबडीनं हाताला टोच मारली. कशाला नेतोस, आप्पांनी विचारलं, तर मला धड सांगता आलं नाही. मोखाड्यापर्यंत गाडी, पुढं पोशेऱ्याला पायी. पुतळी पुढं चालत होती. मी तिपाई एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत तिच्यामागं चालत राहिलो.

पुनव होती, नवशाच्या अंगणात सगळे जमले होते. बसा कुणी म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. नवशाची आई राही खांबाला टेकून होती, डोळे बारीक करून. फागू भगतानं पुढं सूप ठेवलं होतं, त्यात तांदळाचे दाणे. दीर काळ्या हाताची घडी घालून दारात उभा, म्हणजे आत जायचं तर त्याला ओलांडून जावं लागणार. मी काच सुपात ठेवली.

काळ्यानं वाकून पाहिलं आणि थुंकला. हा डाग आहे म्हणाला. हिनं सोनाराला फितवलं आणि काजळाचा डाग आणला. दोघातिघांनी माना हलवल्या. फागूनं काच उचलली, उलटीसुलटी केली, त्यालाही काही उमगेना. कुणीतरी माझ्या तिपाईला लाथ मारली. मी भिंग पुढं केलं, तर ते घ्यायलाच कुणी तयार नाही, चेटकाची वस्तू. तेव्हा मला भीती वाटली. माझ्यासाठी थोडी, तिच्यासाठी जास्त. ती अंगणाच्या कडेला उभी होती आणि तिच्या मागं रान सुरू होत होतं.

“आण इकडं,” राही म्हणाली.

तिनं भिंग घेतलं नाही. काच उन्हात धरली, डोळ्यापासून लांब नेली, मग जवळ आणली, थोडी तिरकी केली. म्हाताऱ्या माणसांना लांबचं दिसतं.  काय दिसलं ते ती बोलली नाही. बोलली ते निराळंच.

“ह्यो हात कुनाचा?”

कुणाच्या लक्षात आलं नाही. ती उठली, काळ्याजवळ गेली, आणि त्याच्या हाताची घडी सोडवून त्याचं मनगट उन्हात धरलं. जाड कडं, एका बाजूला चेपलेलं. काचेवर तेच.

“तू बाजूला व्हतास,” ती म्हणाली. “ह्यो कुनाकडं बघतो?”

 फागूनं सूप सरकवून काळ्याच्या पायाशी आणलं. टाकलेल्या दाण्यांसमोर खोटं बोलत नाहीत. बोलणाऱ्याचा वंश खुंटतो असं तिकडं मानतात, आणि काळ्याचं एक मूल नुकतंच पोटात गेलं होतं. तो दाण्यांकडं बघत राहिला. 

“बोल,” राही म्हणाली.

“हिच्याकडं,” काळ्या म्हणाला. “हिनं हाक मारली. साहेब मारील म्हणून मी खांदा धरला. तरी वळला.”

अंगणात कोणी हललं नाही. राहीनं काच पदरानं पुसली, तिच्या कोपऱ्याला शेंदराचं बोट लावलं आणि काळ्याला बाजूला सारून आत गेली. देवांच्या टोपलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन ती पुतळीकडं न बघताच म्हणाली, “उभी काय ऱ्हायलीस. पाणी आण, देव धुवायचे हायत.” पुतळीनं पडवीतली घागर उचलली आणि ती झऱ्याकडं गेली. एवढ्यात सगळं झालं. माफी कुणी मागितली नाही, मागायची त्यांची रीतही नसावी.

मी तिपाई गोळा करत होतो. राही माझ्यासमोर येऊन बसली, तोंडावर राग.

“मना पन काढ. मी मेली की ह्यांना माझं तोंड धुंडाळाया लावू नको.”

मी कॅमेरा उभा केला. फणसाच्या सावलीत उजेड कमी होता, बराच वेळ मोजावं लागणार होतं. काळ्या कापडात डोकं घातलं. म्हातारी उलटी दिसली, खांब उलटा, सारं अंगण आभाळाला टांगलेलं. जत्रेत पहिल्यांदा गेलेल्या पोरासारखं मला झालं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. काच चढवली. तोंडात सवयीचा शब्द आला होता. तो गिळला.

“हलायचं तर हला, म्हातारे.”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला शिवी दिली असावी, आणि निव्वळ रागानं ती दगडासारखी बसली. मी टोपी काढली आणि मनात मोजायला लागलो.

तेवढ्यात पुतळी अंगणाच्या कडेला आली. डोक्यावर भरलेली घागर. ती थांबली आणि तिनं मान वळवून एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं. सवय होती ती. काळ्यानं मान खाली घातली. भगत दाणे वेचत होता. बाया दाराआड होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत. घागर डोक्यावर आणि उतरवायला कुणी नाही, अशी ती उभी राहिली, आणि तिचं तोंड पहिल्यांदाच रडवेलं झालं.

माझ्या हातात टोपी होती, लेन्स उघडी होती. जिथं उभा होतो तिथून हलायचं नसतं, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडून सांगत आलो होतो. मी म्हातारीच्या बाजूनं, कॅमेऱ्याच्या समोरून चालत गेलो.

“तुझा डबा उघडा हाय,” पुतळी म्हणाली.

“असू दे.”

घागर जड होती. उतरवताना अर्धं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. राही हलली नाही.

ती काच मी जव्हारला येऊन धुतली. जरा जास्तच वेळ उघडी राहिलेली, तरी म्हातारी लख्ख आली आहे, सुरकुती न् सुरकुती, रागासकट. आप्पांनी ती उजेडाला धरून पाहिली. म्हातारीमागं, कडेला, दोन धुराचे पट्टे आहेत, एक उंच आणि एक बुटका, आणि दोघांच्या मध्ये घागरीएवढं काहीतरी.

“चांगली आली होती,” आप्पा म्हणाले. “हा कोण मधेच हलला?”

“मी,” म्हटलं, आणि नवी काच काढायला पेटी उघडली.